कोल्ड प्लाझ्मा विकणाऱ्या मंडळींना खुले पत्र: आधी डोस लिहा

प्रति,
कोल्ड प्लाझ्माची यंत्रे बनवणारे, विकणारे आणि त्यांची माहितीपत्रके लिहिणारे सर्व,

स.न.वि.वि.

माझे पोट प्लास्टिकच्या फिल्मवर भरले. छपाईआधी फिल्मचा रोल ट्रीटरमधून, म्हणजे शाई धरावी म्हणून फिल्मवर विजेचा मारा करणाऱ्या यंत्रातून काढायचा, तो संपला की पुढचा चढवायचा, अशी चोवीस वर्षे गेली. ट्रीटरच्या इलेक्ट्रोडखाली जो जांभळा उजेड दिसतो त्याला आम्ही सगळे नुसते 'करंट' म्हणायचो. तो प्लाझ्मा असतो, आणि तोही 'थंड', हे मला नोकरीच्या आठव्या वर्षी एका नव्या इंजिनिअर मुलीने सांगितले. मी हसलो होतो. रक्तातला प्लाझ्मा ऐकून माहीत होता, हा कुठला काढला हिने?

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे वाचून कोणी म्हणेल की म्हाताऱ्याला नव्या तंत्रज्ञानाचे वावडे दिसते. तसे काही नाही. ज्या गोष्टीच्या जिवावर संसार केला, तिचे नाव तुम्ही ज्या तऱ्हेने वापरता आहात ते बघवत नाही, म्हणून लिहायला बसलो.

निवृत्त झाल्यापासून ओळखीचे लोक यंत्र घेण्याआधी 'तुम्ही जरा नजर टाका' म्हणून तुमची माहितीपत्रके माझ्याकडे पाठवतात. जखमेवर फिरवायची कांडी असते, खोलीतली हवा शुद्ध करणारा डबा असतो, बियाण्यांसाठी फिरते पिंप, पाणी 'सक्रिय' करणारी टाकी, पापणीवरची सुरकुती घालवणारे पेन. कामे इतकी निरनिराळी, पण पत्रके एकाच साच्यातून काढलेली. पहिल्या पानावर निळसर ज्योत आणि ज्योतीला टेकवलेले बोट. दुसऱ्या पानावर '९९.९ टक्के'. तिसऱ्यावर पत्ता. मला जे हवे असते ते या तीन पानांत सापडत नाही. वायू कोणता, वॅट किती, अंतर किती, वेळ किती, आणि या सगळ्यातून यंत्राबाहेर पडते काय? औषधाच्या बाटलीवर नुसते 'औषध' लिहून भागत नाही. तुमचे मात्र 'कोल्ड प्लाझ्मा' एवढ्या दोन शब्दांवर भागते आहे.

त्या बोटापासूनच बोलू. ज्योतीत बोट धरले आणि भाजले नाही, की बघणारा खूश होतो. पण त्यातून सिद्ध फार थोडे होते. वायूत मोकळे इलेक्ट्रॉन आणि आयन (विद्युतभार असलेले अणू-रेणू) फिरू लागले की पदार्थाची जी अवस्था होते, तिला 'प्लाझ्मा' हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युर यांनी १९२८ मध्ये दिले. ते रक्तद्रवावरून सुचले असे सांगतात. रक्तद्रव पेशी वाहून नेतो तसा हा वायू इलेक्ट्रॉन आणि आयन वागवतो. (म्हणजे माझा तो पहिला प्रश्न अगदीच अडाणीपणाचा नव्हता.) वायूवर जोरदार विद्युतक्षेत्र लावले की त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन वेग घेतात. इलेक्ट्रॉन अतिशय हलका. नायट्रोजनचा रेणू त्याच्यापेक्षा सुमारे ५१,००० पट जड. टेबलटेनिसचा चेंडू उभ्या मोटरसायकलवर मारावा, असे हे प्रमाण. चेंडू कितीही जोरात मारा, गाडी जागची हलत नाही. साध्या टकरीत इलेक्ट्रॉन आपल्या ऊर्जेचा साधारण पंचवीस हजारावा भाग रेणूला देतो आणि उरलेली घेऊन पुढे जातो. त्यामुळे इलेक्ट्रॉनांचे तापमान दहा हजार अंशांच्या वर जाते आणि वायू मात्र हाताला कोमट लागतो. घरोघरी जळणाऱ्या जुन्या ट्यूबलाइटमध्ये हेच चालते. ती पेटलेली असताना हात लावला तरी चटका बसत नाही, याचे नवल कुणी केले नाही.

मात्र गाडी न हलवणारा चेंडू गाडीचा आरसा फोडू शकतो. प्लाझ्माचे सगळे काम या आरसेफोडीत आहे. वेगवान इलेक्ट्रॉनने ऑक्सिजनचा रेणू फुटतो, सुटलेला अणू दुसऱ्या रेणूला चिकटतो आणि ओझोन होतो. हवेत दमटपणा असेल तर हायड्रॉक्सिल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. नायट्रोजनही फुटला की नायट्रिक ऑक्साइड आणि त्याची भावंडे येतात. थोडे अतिनील किरण असतात, विद्युतक्षेत्र असते. जिवाणू मारतात ते हे सगळे मिळून, आणि घशाला त्रास देणारेही हेच. तुमचे गिऱ्हाईक ज्योत विकत घेत नसते, ही रसायने विकत घेत असते, आणि त्यांचा पत्रकात उल्लेखही नसतो.

थंडपणासुद्धा फुकटचा नसतो. साध्या हवेत दोन पट्ट्यांमध्ये दर मिलिमीटरला सुमारे ३,००० व्होल्ट दिले की ठिणगी पडते, आणि ती तशीच चालू दिली तर काही क्षणांत तिचा आर्क होतो, हजारो अंशांचा, वेल्डिंगवाल्याचा. व्हेर्नर फोन सीमेन्स यांनी १८५७ मध्ये यावर तोड काढली. मध्ये काच घातली. ठिणगी पडते, काचेवर विद्युतभार साचतो, तो क्षेत्राला विरोध करतो आणि ठिणगी तापायच्या आत विझते. अशा हजारो बारीक ठिणग्या, एकेक काही नॅनोसेकंदांची. आमच्या ट्रीटरच्या रोलवरचा सिरॅमिकचा थर नेमके हेच करतो. त्याला केसाएवढी चीर गेली, की ठिणगी तीच जागा धरून बसते आणि फिल्मला भोके पाडते. मी ती भोके मोजली आहेत. 'थंड' आणि 'गरम' यांच्यामध्ये एका पातळ थराची शाबूत अवस्था एवढेच अंतर असते, आणि तुमच्यापैकी किती जण आपल्या कांडीतला तो थर कधी तपासायचा हे लिहून देतात?

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. 'कोल्ड प्लाझ्मा' हे एका वस्तूचे नाव नाही. बंदिस्त हवेतल्या डिस्चार्जचे, म्हणजे हवेतून वीज वाहण्याचे उदाहरण घ्या. ताकद कमी ठेवली तर त्यातून मुख्यतः ओझोन मिळतो. गिऱ्हाईकाला वाटते, बटण पुढे फिरवले की ओझोन वाढेल. काही हद्दीपर्यंत वाढतो. त्यापुढे उलटे होते. वायू तापतो, तापलेल्या वायूत ओझोन टिकत नाही, आणि वाढलेले नायट्रिक ऑक्साइड उरलेला ओझोन खाऊन टाकते. डबा तोच, हवा तीच, इलेक्ट्रोड तेच, पण आता बाहेर येतात नायट्रोजनची ऑक्साइडे. पावसाळी दमट हवेत वेगळे, कोरड्या हवेत वेगळे. पहिल्या मिनिटाला एक, दहाव्या मिनिटाला दुसरे. असे असताना '१० मिनिटे चालवा' या सूचनेचा अर्थ काय घ्यायचा?

ज्योतीच्या रूपातल्या यंत्रांची गंमत तर आणखी पुढची. हीलियम किंवा आरगॉन सोडून जी निळसर ज्योत दिसते ती सलग नसतेच. २००५ च्या सुमारास अतिवेगवान कॅमेऱ्यांनी तिच्याकडे पाहिले तेव्हा दिसले की नळीतून एकामागोमाग एक प्रकाशाच्या गोळ्या सुटत असतात, सेकंदाला दहा ते शंभर किलोमीटर वेगाने धावणाऱ्या. दोन गोळ्यांमध्ये काळोख. डोळ्याला ती शांत समई दिसते. आणि ही समई समोर काय आहे ते बघून वागते. समोर धातू असेल तर तोच विद्युतमंडलाचा भाग होतो आणि डिस्चार्ज जोर धरतो. प्लास्टिक असेल तर गोळी पृष्ठभागावर पसरते. ओली जखम वेगळी, कोरडी कातडी वेगळी. अंतर काही मिलिमीटरने बदलले की मिसळणारी हवा बदलते, म्हणून रसायनही बदलते. तुम्ही काचेच्या पट्टीवर घेतलेली चाचणी दाखवून ती जखमेलाही लागू आहे असे सुचवता, तेव्हा मला हे सगळे आठवते.

आमच्या धंद्यात हा प्रश्न नव्हता असे नाही, पण तो आम्ही झाकला नाही. पॉलिथिनच्या पृष्ठभागाची ऊर्जा मीटरला ३१ मिलिन्यूटनच्या आसपास असते. शाईला ३८ ते ४२ लागते, नाहीतर ती पाऱ्यासारखी गोळा होते. म्हणून फिल्म डिस्चार्जखालून न्यायची, पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट बसवायचे, आणि मग शाई धरते. किती करंट दिला हे आम्ही एका साध्या हिशेबाने लिहायचो: वॅटला फिल्मच्या रुंदीने आणि मिनिटाला धावणाऱ्या मीटरने भागायचे. झाला डोस. वॅट-मिनिट प्रति चौरस मीटर. पण त्या आकड्यावर विसंबायचे नाही, असे माझा पहिला फोरमन ओरडून सांगायचा. डोस दिला म्हणजे काम झाले असे नाही, कारण प्रत्येक फिल्म वेगळी. म्हणून रोल उतरला की डाइन पेनने, म्हणजे पृष्ठभागाची ऊर्जा तपासायच्या शाईच्या पेनने रेघ ओढायची. रेघ सलग राहिली तर पास, थेंब-थेंब झाली तर नापास. रोलच्या पाटीवर दोन आकडे जायचे, दिलेला आणि मिळालेला. आणि तारीख. तारीख सगळ्यांत महत्त्वाची, कारण ट्रीटमेंट उतरते. आज ४२ असलेला रोल काही आठवडे गोदामात पडला की ३७ वर येऊ शकतो, फिल्म घसरती राहावी म्हणून आत घातलेली स्लिपची द्रव्ये वर येतात, पृष्ठभाग पुन्हा पूर्वीच्या वळणावर जातो.

जास्तीचेही हाल होतात. नवशिक्या पोरांना वाटायचे, थोडा जास्त करंट दिला तर शाई आणखी घट्ट बसेल. तसे होत नाही. पृष्ठभागाचे तुटके तुकडे होतात, त्या भुशावर शाई बसते आणि टेप लावून ओढली की भुशासकट निघते. कधी फिल्मखाली हवा अडकते आणि उलट्या बाजूलाच ट्रीटमेंट होते. मग रोल उलगडताना थर एकमेकांना चिकटतात. एकदा एका पाळीत असे सगळे रोल वाया घालवून मी बोलणी खाल्ली आहेत. तेव्हापासून 'जेवढा जास्त तेवढा चांगला' हे वाक्य ऐकले की मी सावध होतो. तुमच्या बियाण्यांच्या पत्रकात ते वाक्य जवळजवळ तसेच आहे.

बियाण्यांचे खरे काय? डिस्चार्जने बीच्या कवचाचा पृष्ठभाग बदलतो, पाणी पटकन पसरते आणि मुरते, वर बसलेली बुरशी काही प्रमाणात मरते. काही पिकांत उगवण लवकर होते. हे प्रयोगांत दिसले आहे आणि मला ते पटतेही, कारण फिल्मवर रेघ सलग पसरते तसेच थेंब बीवर पसरतो. पण वेळ वाढवत नेला की फायदा ओसरतो आणि पुढे उगवण घटते. ती हद्द प्रत्येक बीला वेगळी, वाणागणिक वेगळी. पत्रकात 'सर्व प्रकारच्या बियाण्यांसाठी' असे छापणाऱ्याने ती हद्द कधी शोधलेली नसते, एवढे मी पैजेवर सांगतो.

'सक्रिय पाण्या'बद्दल थोडक्यात. पाण्यावर हवेचा डिस्चार्ज केला की त्यात नायट्रेट, नायट्राइट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड उतरते आणि पाणी आम्लधर्मी होते. त्यात जिवाणू मरतात हे खरे. पण त्यातला जोर टिकाऊ नसतो, आम्लात नायट्राइट आणि पेरॉक्साइड एकमेकांना संपवतात. बाटलीवर रोलसारखी तारीख, नव्हे वेळ, हवी. आणि हेच पाणी खताची जागा घेईल म्हणणाऱ्यांनी नॉर्वेचा इतिहास जरूर वाचावा. तिथे बर्कलँड आणि आयडे यांनी १९०५ मध्ये विजेच्या आर्कमधून हवेतला नायट्रोजन खतात आणायचा कारखाना चालू केला होता. तो प्लाझ्मा गरम होता, पण कल्पना तीच. चालला, आणि वीज फार खातो म्हणून नायट्रोजन आणि हायड्रोजन दाबाखाली जोडून अमोनिया बनवणाऱ्या हाबर-बॉश पद्धतीपुढे मागे पडला. आजच्या प्लाझ्मा यंत्रांनाही तोच विजेचा हिशेब सुटलेला नाही. छोट्या प्रमाणात, जिथे खत पोचत नाही पण सौर वीज आहे, तिथे त्याला अर्थ असू शकेल. तेवढेच म्हणा ना.

आता जखमांकडे. इथे मी हळू बोलतो, कारण माझे ते क्षेत्र नाही आणि जखम बरी न होणाऱ्या माणसाची आशा ही चेष्टेची गोष्ट नाही. २०१० मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात ३६ रुग्णांच्या जुनाट, संसर्ग झालेल्या जखमांवर रोज ५ मिनिटे आरगॉनचा प्लाझ्मा दिला. नेहमीचे उपचार सगळ्यांचे चालूच होते. प्लाझ्मा दिलेल्या भागात जिवाणूंची संख्या ३४ टक्के अधिक घटली. चौतीस. तुमच्या दुसऱ्या पानावरच्या ९९.९ शेजारी हा आकडा ठेवून बघा. प्रयोगशाळेच्या बशीत मोकळे पसरलेले जिवाणू आणि जखमेच्या चिकट थरात दडलेले जिवाणू यांच्यात एवढा फरक असतो. २०१३ मध्ये काही जर्मन यंत्रांना युरोपात वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली. पुढे २०२० मध्ये मधुमेहींच्या पायाच्या जखमांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात तुलनेसाठी खोटा उपचार दिलेला गटही होता. प्लाझ्मा मिळालेल्या जखमा अधिक वेगाने लहान झाल्या, आणि तो फायदा संसर्ग किती होता यावर अवलंबून नव्हता. म्हणजे प्लाझ्मा जिवाणू मारून जखम भरतो ही आपली सरळ समजूतही कदाचित अपुरी आहे; पेशींना मिळणारी चेतना, रक्तप्रवाह, असे आणखी काही त्यात असावे. चाचणी काही डझन रुग्णांची होती, पण तिच्यात यंत्र कोणते, किती वेळ, किती वेळा, हे सगळे नोंदलेले होते. ज्यांनी कष्ट करून ते आकडे मिळवले त्यांच्या निकालाचा फोटो आपल्या पत्रकावर लावायचा आणि आपले यंत्र मात्र निराळेच असायचे, हा प्रकार मी दोनदा पाहिला आहे.

९९.९ चे गणितही एकदा करून टाकू. दहा लाख जिवाणू होते, ९९.९ टक्के मेले, उरले एक हजार. पोषक जागी काही जिवाणू दर २० मिनिटांना दुप्पट होतात. दहा वेळा दुप्पट झाले की हजारपट. तीन तास वीस मिनिटांत पुन्हा दहा लाख. निर्जंतुकीकरण करणारे लोक म्हणूनच टक्क्यांत बोलत नाहीत, जिवाणू किती वेळा दहापटीने घटले ते मोजतात, आणि चिवट बीजाणूंवर चाचणी घेतात. शिवाय प्लाझ्मा वरवरचे काम करतो. त्याची रसायने पृष्ठभागावर खर्च होतात. भेगेत, घडीत, सावलीत बसलेल्याला ती पोचत नाहीत. आमच्याकडे फिल्मला सुरकुती पडली की सुरकुतीच्या आत शाई धरत नसे, तसेच.

रुग्णालयांत १९९० च्या दशकापासून एक यंत्र वापरात आहे, त्याला सगळे 'प्लाझ्मा स्टरिलायझर' म्हणतात. उष्णता न सोसणारी उपकरणे त्यात ५० अंशांच्या आसपास निर्जंतुक होतात, ही मोठीच सोय. पण आत पाहिले तर मुख्य काम हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ करते. प्लाझ्मा बव्हंशी शेवटी उरलेली वाफ फोडून तिचे पाणी आणि ऑक्सिजन करायला लागतो. नाव धाकट्या भावाला मिळाले. तरी मी त्या यंत्राचे कौतुक करतो, कारण त्याच्या सूचनांत चक्र किती वेळाचे, नळीचा व्यास आणि लांबी किती चालेल, कागद आणि सुती कापड का घालायचे नाही (ते पेरॉक्साइड शोषून घेतात) हे स्वच्छ लिहिलेले असते. काय होत नाही ते लिहिणाऱ्याच्या 'होते' वर विश्वास बसतो.

याच्या अगदी उलट ते पापणीचे पेन. त्याच्या टोकातून कातडीवर छोटा आर्क पडतो आणि तेवढी कातडी जळते. काळे ठिपके पडतात, खपली धरते. काम करायची पद्धतच ती आहे. हा थंड प्लाझ्मा कसा? पत्रकात मात्र बोट टेकवलेल्या त्याच निळ्या ज्योतीचा फोटो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, इथे तर वाळा तापवलेलाही.

आणि हवा शुद्ध करणारे डबे. मागच्या वर्षी एका परिचितांनी असा डबा आणला आणि मला बघायला बोलावले. खोलीत पाऊल टाकताच ओळखीचा वास आला. ट्रीटरवरची धूर ओढणारी नळी तुंबली की शॉपमध्ये भरायचा तोच. विकायला आलेला मुलगा म्हणाला, "काका, हा ताज्या हवेचा वास, वीज पडल्यावर येतो ना तसा." पोरगा खोटे बोलत नव्हता, विजेनंतरचा वास ओझोनचाच. रसायनशास्त्रज्ञ श्योनबाइन यांनी १८४० मध्ये त्या वायूला नाव दिले तेही ग्रीक भाषेतल्या 'वास येणे' या शब्दावरून. पण आमच्या शॉपमध्ये तो वास आला की मशीन बंद करायचे असा नियम होता. कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या घरगुती हवाशुद्धी यंत्रांना ओझोनची मर्यादा दहा लाख भागांत ०.०५० भाग आहे. मी त्या मुलाला विचारले, याचा आकडा किती? त्याने पत्रक उलटून पाहिले, मग मागचा खोका पाहिला, मग मालकाला फोन लावला. मालक म्हणाले, "प्लाझ्मा आहे, ओझोन नाही."

मी त्या परिचितांना एक जुनी युक्ती सांगितली. नैसर्गिक रबराचा रबरबँड ताणून डब्याच्या तोंडाशी खिळ्यांवर अडकवायचा, तसाच दुसरा शेजारच्या खोलीत. ओझोन ताणलेल्या रबराच्या साखळ्या तोडतो आणि आडव्या चिरा पडतात. लॉस एंजेलिसमध्ये १९५० च्या सुमारास धुरक्यातला ओझोन असाच रबराच्या चिरांवरून मोजला जायचा. ही काही नेमकी चाचणी नव्हे, पण पाच दिवसांनी डब्याजवळचा रबरबँड तुटून पडला होता आणि दुसरा शाबूत होता. माणसाला त्रास होणार नाही एवढ्याच ओझोनने खोलीतली हवा फारशी शुद्ध होत नाही, आणि शुद्ध होईल एवढा सोडला तर तिथे माणसाने बसू नये. शिवाय सुगंधी फवारे आणि फरशी पुसायच्या द्रवांतल्या टर्पिनांशी तो भिडला की फॉर्माल्डिहाइड तयार होते. हवेसाठीची काही यंत्रे ओझोन आतच अडवतात, आणि अशांनी तसे मोजून लिहिले तर मी पहिला गिऱ्हाईक होईन.

तुमची उत्तरे मला ठाऊक आहेत. एकजण म्हणेल, आकडे छापले तर स्पर्धक नक्कल करतील. इलेक्ट्रोड कसा बनवला हे कोणी विचारलेच नाही, बाहेर काय पडते ते विचारले आहे, आणि ते स्पर्धक तुमचे एक यंत्र विकत घेऊन दुपारभरात मोजू शकतो. दुसरा म्हणेल, गिऱ्हाईकाला आकडे कळत नाहीत. गिऱ्हाईकाला रक्तदाबाचे आकडे कळतात, बॅटरीचे कळतात. तिसऱ्याचे म्हणणे मात्र खरे आहे: प्लाझ्माच्या डोसचे सर्वमान्य एकक अजून ठरलेले नाही. दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल, हे पुरत नाही, कारण त्याच ज्यूलमधून ओझोन निघेल की नायट्रिक ऑक्साइड, हे ज्यूल सांगत नाही.

मी हे मान्य करतो. पण एकक नाही म्हणून पाटी कोरी ठेवायची, हे पटत नाही. जर्मनीत २०१४ मध्ये 'डीआयएन स्पेक ९१३१५' नावाची मार्गदर्शिका निघाली. वैद्यकीय प्लाझ्मा यंत्राने किमान काय मोजून दाखवावे ते तीत आहे: तापमान, अतिनील किरण, बाहेर पडणारे वायू, शरीरातून जाणारा गळती प्रवाह, जिवाणूंवर आणि पेशींवर परिणाम, द्रवात तयार होणारी रसायने. युरोपातल्या संशोधकांनी तर एक संदर्भ-ज्योतच बांधली. एक मिलिमीटर फटीची, तीन सेंटिमीटर लांबीची, १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारी, हीलियमची. २०१६ मध्ये तिचे तपशील प्रसिद्ध झाले, कोणीही तशी बनवावी आणि आपले यंत्र तिच्याशी ताडून बघावे म्हणून. ज्यांना प्रामाणिकपणे मोजायचे आहे त्यांची सोय आहे.

तेव्हा माझे मागणे असे. पुढचे माहितीपत्रक छापाल तेव्हा बोटाचा फोटो हवा तर राहू द्या, पण तिसऱ्या पानावर पत्त्याच्या वर चार ओळींची जागा सोडा. वायू आणि त्याचा प्रवाह, अंतर आणि वेळ, दर तासाला ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइड किती पडतो आणि ते किती दमट हवेत मोजले. चाचणी कशावर घेतली, काचेवर, बीवर की जखमेवर. सिरॅमिकचा थर कधी बदलायचा. आणि एक ओळ, हे यंत्र काय करत नाही याची.

तसे पत्रक ज्या दिवशी माझ्याकडे येईल त्या दिवशी मी ते माझ्या जुन्या फोरमनला दाखवायला नेणार आहे. त्यांना आता कमी दिसते, मोठ्याने वाचून दाखवावे लागेल. ते पहिल्यांदा तारीख विचारतील, म्हणून तीही घाला.

आपला,
एक निवृत्त ट्रीटर ऑपरेटर